पीएचडीचा सातबारा कोणाच्या नावावर?

दिवाळीला गावी गेले की ओसरीवरचा एक प्रश्न ठरलेला. मोठेबाबा सुपारी कातरत विचारतात, "आखीन किती वर्सं शिकतं वं बाई?" यंदा मी म्हटलं, मोठेबाबा, मी पीएचडी शिकते त्याचे मला महिन्याला पैसे मिळतात. कातरणं थांबलं. "शिकाचे पैसे भेटते? आपल्याले तं द्या लागते ना!"

त्यांचं चुकत नाही. आमच्या राळेगाव तालुक्यात शिक्षण म्हणजे देणं: फी, खोलीभाडं, मेस, एसटीचा पास. पैसे मिळवून देणारं शिक्षण असतं हे मलाही एमएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. दिवाळीच्या त्याच आठवड्यात शेजारची पोरगी मोबाईल घेऊन आली. तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या पीएचडीच्या चार जाहिराती तिनं जपून ठेवल्या होत्या. "ताई, यातली खरी कोणती? अन् मी कोणती भरू?"

त्या चार जाहिरातींत जवळजवळ सगळा विषय मावतो, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

त्याआधी एक. चारही जाहिरातींत 'मॉलिक्युलर' हा शब्द होता आणि त्याचीच तिला धास्ती. मी म्हटलं, आपल्या वावरात ये, तिथंच दिसेल. बीटी कपाशी भारतात २००२ साली मंजूर झाली. त्या झाडात एका जिवाणूचा जीन घातलेला आहे, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीनं बोंड खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्यात जातं आणि तिथल्या केडहेरिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. चिकटलं की आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. आता समज, एखाद्या अळीच्या केडहेरिनच्या जीनमध्येच बिघाड आहे. तिचं केडहेरिन वेडंवाकडं निघतं. विषाला धरायला कडीच सापडत नाही. ती जगते, तिची पिल्लं जगतात, आणि काही हंगामांनी वावरात तिचंच खानदान उरतं. भारतातल्या गुलाबी बोंडअळीत हा बिघाड सापडला आहे. २०१७ ला विदर्भात फुटलेली बोंडं आतून किडकी निघाली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामागे अळीच्या आतड्यात काय बदललं, हे शोधणं म्हणजे रेणूच्या पातळीवरचं जीवशास्त्र.

दुसरं उदाहरण तर घराघरातलं. आपल्याकडे, त्यातही गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, सिकलसेलच्या तपासणीची शिबिरं लागतात. तो आजार म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणं. जीनमध्ये एक अक्षर बदललेलं: जिथे ए हवा तिथे टी. एवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि लेकराचे हातपाय रात्रभर दुखतात. २०२३ च्या अखेरीस क्रिस्पर या जीन-दुरुस्तीच्या तंत्रावरचा जगातला पहिला उपचार ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला, तो याच आजारासाठी. तिथवर पोचलेल्या कामात पीएचडी करणाऱ्या कितीतरी पोरापोरींचे हात आहेत. बाकी जगाला हा विषय पुस्तकातला. आपल्याकडे तो शेजारच्या घरात आहे. मुलाखतीत ही गोष्ट आपल्या बाजूनं पडते, आणि आपणच ती सांगायला लाजतो.

आता पैशाकडे. कुठलीही जाहिरात हातात आली की मी एकच विचारते: सातबारा कोणाच्या नावावर आहे? म्हणजे तुझा महिन्याचा पैसा तुझ्या नावानं येणार, की एखाद्या प्रकल्पाच्या नावानं, की संस्थेच्या? उत्तर सापडलं की बाकी सगळं आपोआप उलगडत जातं.

तिची पहिली जाहिरात सीएसआयआर-यूजीसी नेटची, म्हणजे विज्ञान विषयांच्या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेची होती. हा सातबारा तुझ्या नावावर. परीक्षेत वरच्या गुणांनी आलीस की जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते. ती कोणत्या संस्थेला दिलेली नसते, तुला दिलेली असते. तू ती घेऊन पुण्याला जा, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत जा, नाहीतर नागपूर-अमरावतीच्या विद्यापीठात मान्यताप्राप्त गाईडकडे जा. १ जानेवारी २०२३ पासून रक्कम पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढची ३ वर्षं ४२,००० रुपये. त्यावर घरभाडं वेगळं: मुंबई-पुण्यात जास्त, नागपूरला त्याहून कमी, लहान गावी सगळ्यात कमी. संस्थेचं हॉस्टेल मिळालं तर घरभाडं मिळत नाही. दोन वर्षांनी एक समिती तुझं काम बघते आणि मगच वरची रक्कम सुरू होते. ती आपोआप वाढते असं समजून काही जण अहवालाकडे दुर्लक्ष करतात.

परीक्षा वर्षातून साधारण दोनदा, ३ तासांची, २०० गुणांची. लाईफ सायन्सच्या पेपरात १४५ प्रश्न असतात, सोडवायचे फक्त ७५. कोणते सोडायचे हे कळणं हीच अर्धी तयारी. आपली पोरं इथे फसतात, कारण कॉलेजच्या परीक्षेत काही न सोडण्याची सवय असते. 'क' भागात एकेक प्रश्न ४ गुणांचा, आणि तो पाठांतराचा नसतो. जेलचं, म्हणजे डीएनए किंवा प्रथिनांचे तुकडे ज्या लगद्यात वेगळे करतात त्याचं चित्र दिलेलं असतं, कोणत्या रांगेत कोणता पट्टा का दिसतो ते विचारतात. चुकलं तर गुण कापतात. ज्या कॉलेजात जेल चालवायचं यंत्र काचेच्या कपाटात कुलुपात असतं, तिथल्या पोरांना हा भाग जड जातो, यात पोरांचा काय दोष? यावर माझा उपाय साधा होता: जुने पेपर काढायचे आणि प्रत्येक चित्र वहीत हातानं काढून, रांगेखाली कारण लिहायचं. तीन महिन्यांत चार वह्या भरल्या.

प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत. शेवटच्या वर्षात असतानाही फॉर्म भरता येतो. जेआरएफला वयाची मर्यादा आहे, पण महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. आणि जेआरएफ थोडक्यात हुकली तरी रडू नको: २०२४ पासून निकालात आणखी एक पायरी आहे, फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. तिच्यावर प्रवेश मिळतो, पैसा मात्र नाही. हा फरक गावी कोणी सांगत नाही, पेढे मात्र वाटून होतात.

याच जातीच्या आणखी दोन-चार वाटा: जैवतंत्रज्ञान विभागाची बेट परीक्षा, विद्यापीठात एमएस्सीला पहिली येणाऱ्यांसाठी इन्स्पायर फेलोशिप. राज्याच्या संस्थाही फेलोशिप देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. मात्र राज्याच्या फेलोशिपला आधी पीएचडीची नोंदणी लागते. म्हणजे आधी वावर, मग विहिरीचं अनुदान.

दुसरी जाहिरात एका संशोधन संस्थेची. प्रकल्पात एक जागा, थेट मुलाखतीला या. तिला हीच आवडली होती, कारण परीक्षा नव्हती. मी तिला तळाची ओळ वाचायला लावली: 'पोस्ट इज प्युअरली टेम्पररी अँड को-टर्मिनस विथ द प्रोजेक्ट.' मराठीत याचा अर्थ मक्त्याचं वावर. प्रकल्प गाईडच्या नावानं मंजूर झालेला असतो, साधारण तीन वर्षांसाठी, आणि त्यात एका माणसाचा पगार धरलेला असतो. प्रकल्प संपला की पगार संपला, तुझी पीएचडी निम्म्यावर असली तरी. शिवाय प्रकल्पात काम करणं आणि पीएचडीला नोंदणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीचं कुठेच लिहिलेलं नसेल तर ती नोकरी आहे, पीएचडी नाही.

तरी मक्त्याचं वावर वाईट असतं असं नाही. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली. वर्षभर एका प्रकल्पात पिपेट धरायला शिकले, पहिला डीएनए काढला तो तिथेच, आणि संध्याकाळी नेटचा अभ्यास केला. ज्याला प्रयोगशाळेचा हात नाही त्याच्यासाठी ही वाट उत्तम. फक्त मुलाखतीत दोन गोष्टी विचारायच्या: प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, आणि पीएचडीची नोंदणी करता येईल का? हे विचारलं की राग येतो असं आपल्याकडच्या मुलामुलींना वाटतं. चांगल्या गाईडला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ नये.

या दोन्हींच्या मधली एक जात तिच्या मोबाईलमध्ये नव्हती, पण सांगायला हवी: संस्थेच्या नावावरचा पैसा. बंगळुरूची एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर यांच्यासारख्या संस्था 'जीबिल्स' या सामाईक परीक्षेतून मुलं निवडतात, मुलाखती घेतात आणि निवडलेल्यांना स्वतः फेलोशिप देतात. इथे आधी संस्थेत प्रवेश आणि गाईड नंतर. सुरुवातीला दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग ठरवायचं. सोयरीक जुळवण्याआधी घर बघून घेतल्यासारखं. मला ही पद्धत सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

तिसरी जाहिरात जर्मनीची. 'डॉक्टोरल रिसर्चर, टीव्ही-एल ई-तेरा, ६५ टक्के.' तिला वाटलं ६५ टक्के गुण मागताहेत! टीव्ही-एल हे तिथल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं वेतनमान, ई-तेरा ही पदव्युत्तर माणसाची श्रेणी, आणि ६५ टक्के म्हणजे पूर्ण पगाराचा तेवढा हिस्सा. जीवशास्त्रात हे प्रमाण तिकडे नेहमीचं. काम मात्र ६५ टक्के असतं असं कोणी समजू नये. तिथे पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यार्थी कमी आणि करारावरचा कर्मचारी जास्त: पगार, आरोग्य विमा, रजा, निवृत्तीवेतनाची कपात, सगळं. शिकवणी फी नाही. मोठेबाबा ऐकत होते. म्हणाले, "मंग सालगडीच म्हन ना. पाडव्यापासून पाडव्यालोक." अगदी तसंच, फक्त पाडवा तीन-चार वर्षांनी येतो.

युरोपियन युनियनच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या पीएचडीच्या योजनेत तर एक गमतीची अट आहे: ज्या देशात जायचं, तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. राळेगावाबाहेर न पडलेल्या माणसाला ही अट जन्मतःच पूर्ण. अमेरिकेत वेगळी रीत आहे. तिथे पाच-सहा वर्षांचा कार्यक्रम, फी माफ, महिन्याचा भत्ता, आणि अर्ज साधारण डिसेंबरात बंद होतात, पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरसाठी. इंग्रजीची परीक्षा, अर्जाची फी, व्हिसा यांचा खर्च आधी खिशातून करावा लागतो. अर्जाची फी माफ करून मिळते का हे मेल करून विचारावं. बऱ्याच ठिकाणी मिळते.

चौथी जाहिरात मी पूर्ण वाचलीही नाही. 'शंभर टक्के खात्रीची पीएचडी, विषय आम्ही देऊ, प्रबंध आम्ही लिहू, सुलभ हप्ते.' जिथे पैसा तुझ्याकडून तिकडे जातो तिथे फेलोशिप नसते. फॉर्मची फी, विद्यापीठाची ठरलेली फी, एवढंच आपण द्यायचं. त्यापलीकडे कोणी मागितलं तर नंबर ब्लॉक.

मग ती म्हणाली, "ताई, सरांले मेल करून पाहू का?" आणि तिनं लिहून ठेवलेला मसुदा दाखवला. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब. काइंडली कन्सिडर मी.' खाली सही, आणि तोच मेल बावीस जणांना एकदम, सगळ्यांचे पत्ते वर दिसताहेत. मीही पहिल्यांदा असाच पाठवला होता, एकाचंही उत्तर आलं नाही. मेल मिळणाऱ्या माणसाला त्यात तू दिसत नाहीस, की तो स्वतःही दिसत नाही.

आम्ही बसून तो पुन्हा लिहिला. पहिल्या ओळीत ती कोण, काय शिकते. दुसऱ्यात त्या गाईडच्या एका शोधनिबंधातली एक गोष्ट, जी तिनं खरोखर वाचली आणि जिथे ती अडली. तिसऱ्यात तिचं स्वतःचं काम. ती म्हणे, माझं कुठलं काम? मी म्हटलं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट? तिनं गावातल्या चार विहिरींच्या पाण्यातले जिवाणू वाढवून कोणत्या अँटिबायोटिकला ते मरत नाहीत ते पाहिलं होतं. हे काम नाही तर काय! दहा ओळींच्या वर मेल नको. एका वेळी एकाच माणसाला. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, मग पुढचा माणूस.

आता कडू भाग. मंजूर झालेला पैसा वेळेवर येतोच असं नाही. माझी पहिली रक्कम सात महिन्यांनी एकदम आली. फेलोशिप कुठली ते सांगत नाही, कारण अशा गोष्टी अनेकांकडे ऐकल्या. ते सात महिने मेसचे पैसे सीनिअरनं भरले आणि घरी मी 'सुरू झालं' म्हणून सांगत राहिले. म्हणून रुजू व्हायच्या आधी तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून विचारायचं: पैसे किती महिन्यांनी येतात? आणि गाईड माणूस म्हणून कसा आहे? हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

दुसरी फट वेळेची. फेलोशिप ५ वर्षांची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी ३ आणि एरवी ६ वर्षांपर्यंत मुदत आहे. प्रयोगाचं जीवशास्त्र वेळ खातं, सहावं वर्ष लागलेले पुष्कळ आहेत. त्या वर्षात काम असतं, पैसा नसतो. मला पाचवं लागलंय, म्हणून हे मला रोज आठवतं. पोरींसाठी एक नियम मात्र ठाऊक हवा: २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा मिळते. लग्न झालं की पीएचडी सुटली, हे गणित घरच्यांनी मांडायच्या आधी त्यांना हे सांगता येतं.

आणि कामाचं स्वरूप? मागच्या डिसेंबरात आमच्याच वावरातली नव्वद हिरवी बोंडं मी भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून पुण्याला नेली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय वं डब्यात?" मी म्हटलं, अळ्या. ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. प्रयोगशाळेत बोंडं फोडून एकेक अळी चिमट्यानं काढायची, बर्फावर ठेवून आतडं वेगळं करायचं, नळीत घालून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. नव्वद बोंडांत एकतीस अळ्या निघाल्या. त्यातल्या नऊ नमुन्यांचा आरएनए खराब निघाला, कारण नळ्यांचा एक खोका मी टेबलावर विसरले होते. तीन आठवड्यांची मेहनत, दहा मिनिटांचा विसर. पीएचडीचा बहुतेक काळ असाच जातो, आणि महिन्याचे पैसे या दिवसांचेही मिळतात. मोठेबाबांना नेमकं हेच पटेना: "अळी बिघडली तरी पगार?"

शेवटी ठरलं ते असं. ती नेटचा फॉर्म भरणार, प्रकल्पाच्या मुलाखतीलाही जाणार, जर्मनीचं पुढच्या वर्षी बघू. फॉर्म भरताना प्रवर्गाच्या रकान्यावर घोडं अडलं. ती एनटी. केंद्राच्या फॉर्मवर एनटी, व्हीजे, एसबीसी असले रकानेच नसतात. जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसीत बसतं, त्यासाठी नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो चालू वर्षाचा हवा. तिच्याकडे राज्याचा होता, तोही गेल्या वर्षीचा. यादीत तिच्या जातीचं नाव आम्ही शोधलं, सापडलं, क्रमांक कागदावर लिहून घेतला.

सेतू केंद्रात फोन केला. तिथला दादा म्हणाला, "सेंट्रलचा फॉरमॅट इथं कोनी मांगत नाही बाप्पा. सोमवारी या, अन् बाबाच्या उत्पन्नाचा दाखला आना." सोमवारी पहिली एसटी साडेसहाची आहे. कपाशीची वेचणी चालू असल्यानं तिच्या आईनं विचारलं, दुपारपर्यंत येशीन ना वावरात?